गुरुवारी भाव एक झाले

पद्मावती बनशंकरीजवळच्या एका मुलींच्या कॉलेजात गणित शिकवायची, आणि तिच्या वर्गात कुणी रडलं नाही असं वर्ष गेलं नाही. चुकलेलं उत्तर ती त्या मुलीलाच फळ्यावर लिहायला लावायची आणि मग वर्गाकडे वळून विचारायची, "हिच्या डोक्यात नेमकं काय चाललं असेल, सांगा बघू कुणीतरी." मुली हसायच्या. हसलं नाही तर पुढची पाळी आपली, हे त्यांना ठाऊक असायचं. पण तिच्याकडून शिकलेलं पुढे कुणी विसरायचं नाही, हेही तितकंच खरं.

तिनं लग्न केलं नाही. बनशंकरी दुसऱ्या स्टेजमधल्या घरात खाली ती आणि वडील राहायचे. बाहेरच्या जिन्यानं वर गेलं की धाकटा भाऊ प्राणेश, त्याची बायको भाग्यलक्ष्मी आणि त्यांची मुलगी स्मृती. वडिलांना सगळे अण्णा म्हणत. ते एका सरकारी कारखान्यात फोरमन होते आणि चाळीस वर्षं पगारातून थोडे थोडे शेअर घेत आले होते. फक्त मोठ्या कंपन्यांचे, आणि घेतलेला शेअर कधी विकला नाही. जाताना त्यांनी सगळे शेअर पद्मावतीच्या नावावर केले. म्हणाले, "अर्धे प्राणेशचे. पण सांभाळायचे तू. त्याच्या हातात टिकायचं नाही." हे त्यांनी प्राणेशच्या देखतच सांगितलं. तो तेव्हा त्यांचे पाय चेपत होता.

प्राणेश लग्नाच्या जेवणाची कंत्राटं घ्यायचा. हात चांगला, माणसं चांगली, हिशेब कच्चा. दर दिवाळीला पद्मावती त्याला खाली बोलवायची, संगणकावर त्याच्या वाट्याचा आकडा दाखवायची आणि तो पाहून झाला की पडदा बंद करायची. त्याला "बस" असं कधी म्हणायची नाही. एकदा त्यानं भांडी ने-आण करायला व्हॅन घ्यायची म्हणून त्यातले थोडे मागितले. त्याचे दोन आचारी अंगणात काहिली धूत होते. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "तुझ्या हातात दिले की तू ते तेलात सोडशील. अण्णा उगीच बोलले नाहीत." आचारी खाली मान घालून काहिली घासत राहिले. प्राणेशनं पुन्हा कधी मागितलं नाही.

निवृत्त झाल्यावर तिनं शेअर बाजाराचा अभ्यास सुरू केला, तोही गणित म्हणून. रविवारी स्मृती खाली यायची. ती बेळ्ळंदूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली होती आणि त्या घरात आत्याला न घाबरणारी तेवढी एकच होती. जानेवारीत दोघी अवरेकाळूच्या शेंगा सोलत बसल्या असताना तिनं विचारलं, "आत्या, ते फ्युचर फ्युचर म्हणतेस ते काय असतं गं?"

"हजर भाव म्हणजे आज बाजारात शेअर विकला तर मिळतो तो. पन्नास मोठ्या कंपन्यांचे भाव एकत्र केले की इंडेक्स होतो. फ्युचर म्हणजे महिनाअखेरच्या गुरुवारी हा इंडेक्स कुठे असेल, त्याचा सौदा आज करायचा."

"मग दोन भाव?"

"दोन. एरवी जवळजवळ चालतात. अंतर पडलं की मोठे व्यापारी महाग ते विकतात, स्वस्त ते घेतात, आणि अंतर मिटतं. त्या गुरुवारी तर दोन्ही एक व्हावेच लागतात, कारण फ्युचरचा शेवटचा हिशेब हजर भावानंच करतात."

"आणि संकट आलं की?"

"संकटात माणसं घाबरतात. घरातले शेअर विकायला वेळ लागतो, मन होत नाही. म्हणून आधी फ्युचर विकून मोकळी होतात. त्यामुळं फ्युचर हजर भावाच्या खूप खाली जातो. तो वर ओढायला जे व्यापारी हवेत, त्यांना तेव्हा कुणी पैसेही देत नाही आणि शेअरही उसने देत नाही." पद्मावती हसली. "ज्याच्या घरात शेअर पडलेले आहेत, त्यानं फक्त डोकं थंड ठेवायचं."

दोन महिन्यांनी, दोन हजार वीसच्या मार्चमध्ये, ते संकट आलं. रोगाच्या बातम्या यायला लागल्या आणि बाजार रोज कोसळायला लागला. प्राणेशची लग्नं एकेक करून रद्द झाली आणि त्याची मोठाली भांडी जिन्याखाली येऊन पडली. खालच्या खोलीत पद्मावती दिवसभर दोन आकडे पाहत बसायची. फ्युचर हजर भावाच्या चांगलाच खाली होता आणि मिटायला हवं ते अंतर मिटत नव्हतं. अण्णांच्या शेअरमधल्या कंपन्या आणि इंडेक्समधल्या कंपन्या जवळपास त्याच. शेअर वरच्या भावानं विकायचे, तेवढेच फ्युचर खालच्या भावानं घ्यायचे, येत्या गुरुवारी दोन्ही भाव एक झाले की शेअर परत घ्यायचे. मधलं अंतर खिशात. बाजार वर गेला काय, खाली गेला काय, फरक पडत नव्हता. तिनं गणित तीनदा तपासलं. चूक नव्हतीच.

शुक्रवारी तिनं ब्रोकरच्या ऑफिसात फोन केला. तिचे सौदे विठोजी नावाचा डीलर बघायचा. तो म्हणाला, "मॅडम, सगळे विकायचे? तुमच्या वडिलांचे ना हे?"

"तुला विचारलं का मी?"

"नाही मॅडम. एकच सांगतो. शेअरचे पैसे मंगळवारी येतील, दोन दिवस लागतात. फ्युचरचा तोटा मात्र रोजच्या रोज रोख भरावा लागतो. मधे पडलं तर..."

"मधे पडलं तर शेअर विकून वाचलेलं तेवढंच असतं. शिकवू नकोस मला."

विठोजीनं शेअर विकले, फ्युचर घेतले. त्यासाठी अनामत म्हणून लागणारं मार्जिन तिनं आपल्या निवृत्तीची मुदतठेव मोडून भरलं. प्राणेशला विचारलं नाही. विचारायचं असतं, हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

सोमवारी सकाळी शहर बंद होतं. बाजार उघडताच कोसळला आणि तासाभराच्या आत दहा टक्के खाली गेला. नियमाप्रमाणे सगळे व्यवहार पाऊण तास थांबवले गेले. पडद्यावरचे आकडे गोठले. लगेच विठोजीचा फोन आला. तो त्याच्या घरून बोलत होता आणि मागे कुणाचं तरी बाळ रडत होतं.

"मॅडम, तुमचं मार्जिन संपत आलं. बाजार परत उघडायच्या आत पैसे भरा. नाहीतर रिस्कवाले पोझिशन कापतील, तुमचे फ्युचर विकून टाकतील."

"उद्या माझे शेअरचे पैसे येतायत. सगळं त्यात बसतं. सांग त्यांना."

"सांगितलं मॅडम. ते म्हणतात, उद्याचे पैसे उद्या. आज सगळ्यांचंच कापतायत."

"गुरुवारी भाव एक होणार आहेत, विठोजी!"

"होतील की मॅडम. पण गुरुवारपर्यंत थांबायला आज रोख लागते."

मुदतठेव मोडलेली होती. बँकेच्या खात्यात पेन्शनपुरते होते. पद्मावती उठली आणि जिना चढली. अण्णा गेल्यापासून ती वर गेली नव्हती, काही हवं असलं तर प्राणेश खाली यायचा.

तो बनियन-लुंगीवर उप्पिट्टू खात होता. भाग्यलक्ष्मी स्वयंपाकघरातून डोकावली आणि अक्काला दारात पाहून पदर सावरत तशीच उभी राहिली. कोपऱ्यातल्या टेबलावर स्मृती लॅपटॉप उघडून ऑफिसचं काम करत होती.

पद्मावतीनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. शेअर विकले, फ्युचर घेतले, आज रोख हवी, उद्या परत मिळेल.

प्राणेशनं घास गिळला. "अण्णांचे शेअर विकलेस?"

"आठवड्याभरासाठी. गुरुवारी परत घ्यायचे होते."

"माझेपण?"

"सगळे. प्राणेश, वेळ नाहीये. तुझ्याकडे लग्नांचे आगाऊ आलेले पैसे आहेत, मला माहीत आहे. एका दिवसापुरते दे. उद्या दुपारी तुझ्या खात्यात."

"आहेत," तो म्हणाला. "आहेत की. लोकांना परत करायचेत, पण आजच्या आज कुणी मागत नाहीये." त्यानं ताटातला कढीपत्ता बाजूला काढला. "बस, अक्का."

ती बसली नाही.

"बस गं. माझ्या घरी आली आहेस. भाग्या, अक्काला उप्पिट्टू दे स्वल्प."

"प्राणेश, मी पाया पडू का तुझ्या?"

"नको. बस, आणि मला समजावून सांग. मी अडाणी आहे. सावकाश सांग."

तिला कळलं की हा देणार नाही. तरी ती बसली आणि सांगायला लागली. हजर भाव, फ्युचर, अंतर, गुरुवार. तो मधूनमधून "हां", "सरी, सरी" म्हणत होता, "म्हणजे कसं?" असं विचारत होता आणि सांगितलेलं पुन्हा सांगायला लावत होता. भिंतीवरचं घड्याळ ती बघत होती आणि ती घड्याळ बघते आहे हे तो बघत होता.

स्मृती खुर्ची मागे सारून उठली. "आत्या, किती हवेत? माझ्याकडे आहेत. सगळे नसतील, पण बरेच आहेत. आत्ता पाठवते." तिनं फोन हातात घेतला.

प्राणेशनं डाव्या हातानं तो फोन तिच्या हातातून काढून घेतला. ओढला नाही, हिसकावला नाही. लहान मुलाच्या हातून सुरी काढून घ्यावी तसा काढून घेतला आणि स्वतःच्या मांडीखाली ठेवला.

"अप्पा!"

"तुझे पैसे तुझ्या लग्नाचे आहेत. गप्प बस."

"अप्पा, त्यात तुमचंपण बुडतंय. अर्धं तुमचं आहे ना!"

"बुडू दे," प्राणेश म्हणाला. "माझं होतं कधी? मला दिवाळीला दिसायचं फक्त."

स्मृती रडायला लागली. लॅपटॉपवरून पैसे पाठवता आले असते, पण ते तिला सुचलं नाही. वडील नुसते बसून होते आणि ती त्यांच्यासमोर उभी होती. पद्मावतीनं एकदा तिच्याकडे पाहिलं, मग खाली गेली.

बाजार उघडला आणि आणखी घसरला. दुपारच्या आत ब्रोकरनं तिचे फ्युचर विकून टाकले. दिवसाच्या जवळजवळ तळाच्या भावाला. विठोजीनं फोन करून सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुझं बाळ अजून रडतंय. बघ काय झालंय त्याला."

मंगळवारी शेअरचे पैसे जमा झाले, तोटा वजा होऊन. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की खेळ संपलेला नाही. फ्युचरमध्ये जेवढं गेलं, जवळपास तेवढेच तिचे विकलेले शेअरही स्वस्त झाले होते. उरलेल्या पैशांत आज अण्णांचे सगळे शेअर परत घेता येत होते. आजच. ती उठून दारापर्यंत गेली, तर प्राणेश जिन्यावरून खालीच येत होता.

"माझा वाटा दे," तो म्हणाला. "शुक्रवारी ज्या भावानं विकलेस त्याच भावानं अर्धा. तोटा तुझा."

"प्राणेश, ऐक. आज परत घेतले तर काहीच बुडालेलं नाही. तुझंही नाही, माझंही नाही. फक्त आज. हवं तर सगळे तुझ्या नावावर घेते."

"कालपण फक्त आज होतं."

"वाटल्यास विठोजीला विचार. कुणालाही विचार."

"मला कुणाला विचारायचं नाहीये, अक्का. मला तुझ्यावर विश्वास ठेवायचा नाहीये. एवढंच. पैसे दे."

तिनं दिले. त्याच्यासमोर बसून, त्यानं सांगितलेला आकडा, त्यानं सांगितलेल्या खात्यात. तो वर गेला. तिच्यासाठी उरले ते कमी होते, पण अगदीच कमी नव्हते. तिच्या वाट्याचे बरेचसे शेअर त्यात आले असते. विठोजीला फोन करायचा आणि "घे" म्हणायचं. तिनं फोन हातात घेतला. एकतीस वर्षं तिनं मुलींना सांगितलं होतं की भीती ही संख्या नाही, तिला समीकरणात जागा नाही. आता तिचा अंगठा त्या काळ्या काचेवर टेकत नव्हता. उद्या आणखी पडेल, मग घेऊ, असं तिनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी देश बंद होता आणि बाजार वर गेला. गुरुवारी आणखी वर गेला. दिवसभर फ्युचर आणि हजर भाव एकमेकांच्या जवळ सरकत राहिले आणि बाजार बंद होताना एकमेकांवर येऊन टेकले. शुक्रवारी जिथे होते, जवळजवळ तिथेच. तिचं गणित शेवटच्या पायरीपर्यंत बरोबर आलं होतं आणि त्यात आता तिचं एक पैशाचंही काही नव्हतं.

नंतर ती रोज थोडं पडण्याची वाट पाहत राहिली. बाजार चढत गेला. दीड वर्षात दुपटीच्या पुढे गेला. तिनं काहीच घेतलं नाही. प्राणेशचे पैसे लोकांची आगाऊ रक्कम परत करण्यात, आचाऱ्यांना बसवून पगार देण्यात आणि मग दुसऱ्या लाटेत झालेल्या त्याच्या स्वतःच्या इस्पितळाच्या बिलात गेले.

त्या सोमवारनंतर स्मृती रोज खाली जेवणाचा डबा घेऊन यायची. पद्मावती दार उघडायची नाही. एकदा खिडकीतून म्हणाली, "तुझ्या हातात फोन होता. तू दिलास."

"मी दिला नाही आत्या, अप्पांनी घेतला."

"सव्वीस वर्षांच्या बाईच्या हातून कुणी काही घेत नाही. ती देते." आणि खिडकी लावून घेतली. डबा पायरीवर राहिला. संध्याकाळी भाग्यलक्ष्मी येऊन तो उचलून न्यायची. पुढच्या वर्षी स्मृती बेळ्ळंदूरला मैत्रिणींबरोबर राहायला गेली. जाताना खाली येऊन दारावर बराच वेळ टकटक करत राहिली. पद्मावती आत खुर्चीवर बसून ते ऐकत होती. उठली नाही.

पैसे कमी पडायला लागले तेव्हा पद्मावतीनं ऑनलाइन शिकवण्या सुरू केल्या. बाजाराच्या परीक्षांना बसणारी मुलं यायची. एकदा फ्युचर हजर भावाच्या खाली असताना काय करावं, असं उदाहरण आलं. तिनं ते स्वच्छ सोडवलं. शेअर विका, फ्युचर घ्या, मुदतीला नफा, जोखीम शून्य. प्रणीत नावाच्या मुलानं विचारलं, "मॅडम, मुदतीच्या आधीच रोख मागितली आणि ती नसली तर?"

तिनं पडद्यावरचं उदाहरण पुसलं. मग ती म्हणाली, "ह्याच्या डोक्यात नेमकं काय चाललं असेल, सांगा बघू कुणीतरी." त्या वर्गात कुणी हसलं नाही. प्रणीत पुढच्या आठवड्यापासून आला नाही.

प्राणेशचं कंत्राट पुन्हा उभं राहिलं नाही. त्यानं घराची वाटणी मागितली. दोघांनाही एकमेकांचा वाटा विकत घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून घर एका बिल्डरला विकायचं ठरलं. नोंदणीच्या दिवशी बहीण-भाऊ उपनिबंधकाच्या ऑफिसात एका बाकावर बसले होते. मध्ये एका माणसाची जागा रिकामी ठेवून. गर्दी होती, नंबर यायला वेळ होता. तीन वर्षांत दोघं एकमेकांशी वकिलामार्फतच बोलले होते. प्राणेशचे केस पांढरे झाले होते आणि चालताना त्याला धाप लागत होती.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "अक्का, त्या गुरुवारी खरंच झाले का गं भाव एक?"

"झाले."

"तू म्हणत होतीस तसेच?"

"तसेच."

"म्हणजे मी त्या दिवशी दिले असते तर सगळं राहिलं असतं."

"सगळं. आज दुपटीच्या वर असतं. तुझी व्हॅन आली असती, हे घर राहिलं असतं."

प्राणेशनं मान हलवली. मग शांतपणे म्हणाला, "तरी नसतेच दिले. दिले असते तर मरेपर्यंत तूच बरोबर राहिली असतीस. मला ते नाही झेपलं असतं."

पद्मावतीनं त्याच्याकडे पाहिलं. तेवढ्यात आतून त्यांची नावं पुकारली. दोघं उठले, यंत्रावर अंगठे टेकवले, कॅमेऱ्यात पाहिलं. कारकुनानं विचारलं, नातं काय. प्राणेश म्हणाला, "अक्का आहे माझी."

बाहेर त्याच्यासाठी भाग्यलक्ष्मी ऑटो थांबवून उभी होती. येलहंक्याला पद्मावतीनं एक खोली भाड्यानं घेतली होती. तिकडची बस कुठून सुटते ते तिनं एका हवालदाराला विचारलं आणि त्यानं दाखवलेल्या दिशेनं ती चालायला लागली. ऑटो तिच्या शेजारून गेला. भाग्यलक्ष्मीनं वळून पाहिलं, प्राणेशनं पाहिलं नाही.